तीन नोडवर सामायिक स्टोरेज: आधी बिघाड ठरवा, मग सॉफ्टवेअर

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. चाकणजवळच्या एका कारखान्यात तीन सर्व्हर आहेत, प्रत्येकात २५६ जीबी रॅम. त्यांवर व्हीएमवेअर (एका सर्व्हरवर अनेक आभासी संगणक चालवणारं सॉफ्टवेअर) चालतं आणि पस्तीसेक व्हीएम, म्हणजे असे आभासी संगणक, आहेत: ईआरपीचा (कारखान्याचा हिशेब, डिस्पॅच सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एसक्यूएल सर्व्हर, फाइल सर्व्हर, लॉगिन सांभाळणारा डोमेन कंट्रोलर, हजेरी, गेटपास वगैरे. सगळा मिळून सुमारे ६ टीबी डेटा एका जुन्या सॅनवर (सगळ्या सर्व्हरांनी मिळून वापरायच्या वेगळ्या स्टोरेज-पेटीवर) आहे आणि त्या सॅनची वॉरंटी संपली आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, डिसेंबरमध्ये कायमस्वरूपी लायसन्सची विक्री बंद केली, आणि आता वर्गणीचा आकडा मालकांना परवडत नाही. म्हणून प्रॉक्समॉक्सवर, त्याच कामाच्या मुक्त-स्रोत सॉफ्टवेअरवर, जायचं ठरलं आहे. एक पुरवठादार दोन नोडचं (एकत्र जोडलेल्या दोन सर्व्हरांचं) आरसा-पद्धतीचं सॉफ्टवेअर सुचवतो, दुसरा म्हणतो सेफ (Ceph, अनेक सर्व्हरांच्या डिस्क मिळून एक स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर) घ्या, त्याला लायसन्स लागत नाही. स्विच १० जीचे, म्हणजे सेकंदाला १० गिगाबिटचे, आहेत. काय निवडावं आणि कसं बसवावं?

माझं उत्तर: सेफ, तिन्ही नोडवर, तीन प्रती ठेवून. पण सर्व्हर-दर्जाच्या एसएसडी आणि २५ जीचं स्वतंत्र नेटवर्क मिळणार असेल तरच. या दोन्हींपैकी एकाला जरी मंजुरी मिळाली नाही तर सेफ करू नका, झेडएफएस (एका सर्व्हरच्या डिस्क सांभाळणारी फाइल सिस्टिम) आणि ठरावीक अंतराने होणारं रेप्लिकेशन (दुसऱ्या नोडवर प्रत नेणं) घ्या. आणि ईआरपीच्या डेटाबेसचा विचार बाकी व्हीएमपासून वेगळा करा.

कोणतं सॉफ्टवेअर चांगलं, या प्रश्नापासून सुरुवात केली की चर्चा कोटेशनांच्या तुलनेत अडकते. सुरुवात बिघाडापासून करा. दुपारी तीन वाजता एक सर्व्हर अचानक बंद पडला, तर किती मिनिटांचं काम गेलेलं चालेल? आणि किती मिनिटांत सगळं परत उभं राहायला हवं? हे आयटी विभागाने एकट्याने ठरवायचं नाही. हिशेब विभाग आणि डिस्पॅच सांभाळणाऱ्यांना विचारा. फाइल सर्व्हरवरची पंधरा मिनिटांची भर गेली तर माणसं चिडतील, पण काम थांबणार नाही. ट्रक गेटबाहेर गेला आणि त्याच्या इनव्हॉइसची नोंद डेटाबेसमधून नाहीशी झाली, तर मात्र तो प्रकार निस्तरायला कित्येक दिवस जातात. प्रत्येक व्हीएमपुढे असे दोन आकडे लिहिले की अर्धी निवड तिथेच झालेली असते.

आता पर्याय. झेडएफएस सन मायक्रोसिस्टिम्समध्ये जन्माला आलं, २००५ मध्ये ओपनसोलॅरिसमधून बाहेर पडलं, आणि एका सर्व्हरवरचा डेटा जपण्याच्या बाबतीत मी आजही त्याच्यावरच सर्वात जास्त भरवसा ठेवतो. प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (डेटा बिघडला का ते सांगणारा पडताळा-आकडा), स्वस्त स्नॅपशॉट (त्या क्षणाच्या स्थितीची प्रत), गप्प बसून खराब होत गेलेली डिस्क पकडण्याची ताकद. प्रॉक्समॉक्समध्ये त्यावर रेप्लिकेशन लावता येतं: मूळ वेळापत्रक दर १५ मिनिटांचं असतं आणि ते १ मिनिटापर्यंत खाली आणता येतं. नोड गेला तर व्हीएम दुसऱ्या नोडवर उठतो, पण शेवटच्या रेप्लिकेशनच्या क्षणाला जसा होता तसा. मधलं काम गेलं. हे ज्यांना चालतं त्यांच्यासाठी याहून साधी, कमी बिघडणारी रचना मला माहीत नाही.

दोन नोडमध्ये प्रत्येक लेखन एकाच वेळी दोन्हीकडे करणारी मंडळी, म्हणजे पहिल्या पुरवठादाराची आरसा-पद्धत, वेगळी. स्टारविंड, जी २०२५ मध्ये डेटाकोअरकडे गेली. व्हिएन्नाच्या लिनबिटचं डीआरबीडी आणि त्यावरचं लिनस्टोर. विंडोज सर्व्हरच्या डेटासेंटर आवृत्तीतलं स्टोरेज स्पेसेस डायरेक्ट. डीआरबीडी २०१० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, कच्चा माल नाही. दोनच सर्व्हर असते तर मी यांतलंच एक सुचवलं असतं, कारण दोन नोडवर सेफ हा प्रकार करूच नये. मात्र दोन नोडच्या प्रत्येक रचनेत तिसरा साक्षीदार लागतोच, नाहीतर मधली केबल तुटल्यावर दोन्ही नोड स्वतःलाच खरे समजून वेगवेगळं लिहू लागतात. तो साक्षीदार कुठे ठेवणार, हा प्रश्न पुरवठादाराला आधी विचारा. आणखी एक अडचण: स्टारविंड प्रॉक्समॉक्सला बहुतेक वेळा आयस्कझीवरून (नेटवर्कवरून) डिस्क देतं, त्यावर साधं एलव्हीएम (लिनक्सची डिस्क विभागण्याची सोय) येतं आणि तिथे स्नॅपशॉट पूर्वी मिळतच नव्हते. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये ती सोय आली आहे, पण तंत्र-पूर्वावलोकन म्हणून, म्हणजे अजून चाचणीपुरती. उत्पादनाचा भार त्यावर टाकण्याआधी मी थांबेन. तुमच्याकडे तीन सर्व्हर असताना तिसरा नुसता बसवून ठेवणारी रचना घेण्याचं कारणही मला दिसत नाही.

सेफची मूळ कल्पना सेज वाइल यांच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या, सांताक्रूझच्या संशोधनातली. २००६ मध्ये तो शोधनिबंध आला, २०१४ मध्ये रेड हॅटने त्यामागची कंपनी घेतली. कुठला तुकडा कुठल्या डिस्कवर आहे याची मध्यवर्ती यादी सेफ ठेवत नाही. क्रश नावाच्या गणिताने प्रत्येक क्लायंट ते स्वतः काढतो. म्हणून वाट अडवणारं एकच एक केंद्र नसतं. तीन प्रती तीन नोडवर, आणि लेखन झाल्याचा निरोप व्हीएमला तेव्हाच मिळतो जेव्हा तिन्ही प्रती डिस्कवर पक्क्या झाल्या. सेफचे गुणही यातूनच येतात आणि त्याचा संथपणाही.

पुरवठादार जो हिशेब देत नाही तो इथे करू. प्रत्येक नोडमध्ये ३.८४ टीबीच्या चार एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्क, म्हणजे एकूण बारा. कागदावर ४६ टीबी. तीन प्रती, म्हणून १५.३६ टीबी. इथपर्यंत सगळे सांगतात. पण तीन नोडच्या क्लस्टरमध्ये (एकत्र जोडलेल्या समूहात) एक डिस्क मेली की तिच्यावरच्या प्रती दुसऱ्या नोडवर जाऊ शकत नाहीत, कारण दुसऱ्या दोन्ही नोडवर त्या तुकड्याची एकेक प्रत आधीच आहे. त्या परत त्याच नोडच्या उरलेल्या तीन डिस्कवर उभ्या राहतात. म्हणजे चार डिस्कचा माल तीन डिस्कवर मावायला हवा. सेफ ८५ टक्क्यांना इशारा देतं, ९० ला त्या डिस्कवर डेटा हलवणं बंद करतं, आणि ९५ ला लेखनच थांबवतं, तेही कुठलीही एक डिस्क तिथे पोचली तरी. तेव्हा एक डिस्क गेल्यावरही ८५ च्या आत राहायचं असेल तर नेहमीचा भराव सुमारे ६४ टक्क्यांच्या वर जाऊ देता कामा नये. १५.३६ चे ६४ टक्के म्हणजे ९.८ टीबी. ४६ टीबीची खरेदी आणि ९.८ टीबीचा निर्धास्त वापर: हा आकडा मालकांसमोर पहिल्याच बैठकीत ठेवा. तुमचा ६ टीबी त्यात बसतो आणि वाढीला जागाही राहते. मोठ्या दोनच डिस्क घेऊन बचत करू पाहाल, तर तोच हिशेब बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांवर येतो. म्हणून नोडमागे थोड्या मोठ्या डिस्कपेक्षा जास्त मध्यम डिस्क बऱ्या.

एखादा म्हणेल, मग दोन प्रती ठेवू, जागा वाचेल. ठेवू नका. दोन प्रतींमध्ये एक नोड देखभालीला बंद केला की त्या नोडवरच्या सगळ्या डेटाची एकेकच प्रत उरते आणि नेमकी त्या वेळी एक डिस्क गेली की तो भाग कायमचा गेला. साइझ ३ (एकूण प्रती), मिन-साइझ २ (काम चालू राहायला लागणाऱ्या किमान प्रती) ही जोडी तशीच ठेवायची. अडचणीच्या वेळी मिन-साइझ १ करण्याचा मोह होतो. तसं केलं की एकाच प्रतीवर लेखन चालू राहतं आणि ती डिस्क गेल्यास मागे फक्त शिळ्या प्रती उरतात. इरेजर कोडिंगही (पूर्ण प्रतींऐवजी तुकडे आणि दुरुस्तीची माहिती ठेवणं) तीन नोडवर नको: दोन अधिक एक अशी मांडणी केली तर मूळ सेटिंगप्रमाणे तिन्ही नोड चालू असल्याशिवाय लेखनच होत नाही, म्हणजे ज्यासाठी क्लस्टर केला तेच हातून गेलं.

एक पूर्ण नोड गेला तर काय? दोन प्रती शिल्लक, काम चालू, पण तिसरी प्रत बनवायला जागाच नाही. नोड परत येईपर्यंत तुम्ही तसेच उघडे. चौथा नोड असेल तर क्लस्टर स्वतःहून तिसरी प्रत उभी करतो. म्हणून पुढच्या वर्षी पैसे आले तर मोठ्या डिस्कऐवजी त्याच बनावटीचा चौथा नोड घ्या, असं मी आताच सांगून ठेवतो.

डिस्कबद्दल मी जरा हट्टाने लिहितो, कारण सेफ किती संथ आहे अशी तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ इथे असतं. सेफ प्रत्येक लेखनानंतर डिस्कला सांगतं, हे पक्कं कर. लॅपटॉप किंवा गेमिंगसाठीच्या एसएसडीला ते खरोखर फ्लॅश चिपवर उतरवून मगच हो म्हणावं लागतं, आणि ते काम हळू असतं. सर्व्हर-दर्जाच्या एसएसडीत कपॅसिटर असतात, वीज गेली तरी आतल्या कॅशमधला डेटा चिपवर उतरवण्याइतकी ऊर्जा त्यांच्यात असते, म्हणून ती डिस्क तत्काळ हो म्हणू शकते. डब्यावर छापलेला आकडा दोन्हींचा सारखा असू शकतो. पण ४ केबीचा ब्लॉक, एका वेळी एकच लेखन, प्रत्येक लेखनानंतर सिंक, अशी फायोची (डिस्कचा वेग मोजणाऱ्या साधनाची) चाचणी लावली की घरगुती डिस्क सेकंदाला काहीशे ते एखाद-दोन हजारांवर येते आणि कपॅसिटरवाली हजारोंच्या घरात, दहा हजारांच्याही पुढे धावते. खरेदीच्या ऑर्डरमध्ये पॉवर लॉस प्रोटेक्शन हे शब्द लिहून घ्या आणि माल आल्यावर हीच चाचणी एका डिस्कवर करून पाहा, मगच बिल मंजूर करा.

सहनशक्तीवर मात्र विनाकारण खर्च होतो. तीन नोड आणि तीन प्रती म्हटल्यावर प्रत्येक लेखन प्रत्येक नोडवर एकदाच उतरतं. तुमच्या सगळ्या व्हीएम मिळून दिवसाला ५०० जीबी लिहीत असतील तर चार डिस्कमध्ये वाटून प्रत्येकीच्या वाट्याला १२५ जीबी येतात. सेफच्या स्वतःच्या नोंदी धरून दुप्पट धरा. ३.८४ टीबीची, दिवसाला एकदा पूर्ण लिहिता येईल अशा हमीची डिस्क हे सहज पेलते. तिप्पट हमीच्या महाग डिस्कचा प्रस्ताव आला तर आधी सध्याच्या सॅनवरचं रोजचं लेखन मोजून दाखवायला सांगा.

जुन्या सर्व्हरमध्ये रेड (RAID) कार्ड, म्हणजे अनेक डिस्क एक करून दाखवणारं कार्ड, असेल तर ते डिस्क जशीच्या तशी दाखवणाऱ्या एचबीए मोडमध्ये टाका. सेफ आणि झेडएफएस दोघांनाही डिस्क सरळ हवी असते, मधल्या कार्डाचा कॅश आणि त्याने तयार केलेली एकेका डिस्कची खोटी रेड नको. कार्डाला तो मोड नसेल तर कार्ड बदला.

१० जी पुरेल का? चालेल, पण पुरणार नाही. एक बरी एनव्हीएमई सेकंदाला ३ जीबी वाचते आणि १० जीची एक तार सव्वा जीबीच्या वर नेऊच शकत नाही. रोजच्या कामात हे जाणवणार नाही कदाचित. जाणवतं ते रिकव्हरीत. एक ३.८४ टीबीची भरलेली डिस्क नव्याने उभी करताना सगळा डेटा त्याच एका नोडच्या तारेतून आत यायचा असतो. तार पूर्ण मोकळी मिळाली तरी १० जीवर पाऊण तासाच्या वर जातो, आणि तोवर त्याच तारेवरून व्हीएमचं लेखनही चाललेलं असतं.

तीन नोडला एक सुंदर सोय आहे, ती वापरा. प्रत्येक सर्व्हरमध्ये दोन पोर्टचं २५ जीचं कार्ड टाका आणि तीन डॅक (थेट जोडायच्या तांब्याच्या) केबलींनी प्रत्येक नोड दुसऱ्या दोघांना थेट जोडा. स्विच नाही. त्यावर एफआरआर (लिनक्सवरचं राउटिंग सॉफ्टवेअर) वापरून राउटिंग बसवलं की एक केबल तुटली तरी रहदारी तिसऱ्या नोडवरून वळून जाते. प्रॉक्समॉक्स ९ मध्ये हे एसडीएनच्या (सॉफ्टवेअरने नेटवर्क मांडण्याच्या) फॅब्रिक भागातून, ओपनफॅब्रिक किंवा ओएसपीएफ यांपैकी राउटिंगचा प्रकार निवडून करता येतं, हाताने फाइली लिहाव्या लागत नाहीत. दोन २५ जी स्विचच्या किमतीपुढे हा खर्च फारच थोडा आहे. चौथा नोड आला की मात्र ही जाळी मोडते, तेव्हा स्विच घ्यावाच लागेल. हे माहीत असून मी तुम्हाला जाळीच सुचवतो, कारण कार्ड तेव्हाही तीच वापरता येतील.

नेटवर्कमधली सर्वात जास्त दिसणारी चूक अशी: सेफचं क्लस्टर नेटवर्क वेगवान तारेवर आणि पब्लिक नेटवर्क मात्र ऑफिसच्या १ जीवर. नावामुळे लोक फसतात. व्हीएमचं प्रत्येक वाचन-लेखन पब्लिक नेटवर्कवरूनच जातं, क्लस्टर नेटवर्कवर फक्त डिस्कांमधली आपसांतली देवघेव. वेगवान जाळी एकच असेल तर दोन्ही तिच्यावर ठेवा.

कोरोसिंक तिथे ठेवू नका. क्लस्टरच्या सदस्यांची हजेरी घेणारं हे काम अगदी थोड्या बँडविड्थचं, पण उशीर अजिबात न सोसणारं आहे. रिकव्हरीच्या लोंढ्यात त्याचे निरोप अडकले की नोडला वाटतं आपण एकटे पडलो, एचए (नोड गेल्यास व्हीएम आपोआप दुसरीकडे उठवणं) चालू असेल तर वॉचडॉग (पहारा देणारा टायमर) साधारण मिनिटभरात तो नोड रीसेट करतो, मग त्याच्या डिस्कांची नवी रिकव्हरी सुरू होते, आणि त्या भाराखाली दुसराही नोड पडू शकतो. एका डिस्कच्या बिघाडातून सगळा क्लस्टर झोपलेला मी पाहिला आहे, आणि कारण इतकंच होतं. तुमच्या सर्व्हरवर आधीपासून असलेलं १ जीचं एक पोर्ट साध्या वेगळ्या स्विचला लावा, ती कोरोसिंकची पहिली वाट. दुसरी वाट म्हणून १० जीचं ऑफिस नेटवर्क द्या.

एमटीयू (नेटवर्कच्या एका पाकिटाचा कमाल आकार, बाइटमध्ये) ९००० करायचं असेल तर सगळीकडे करा. एका जागी १५०० राहिलं की विचित्र लक्षणं दिसतात: पिंग चालतं, हार्टबीट चालतं, सगळं हिरवं दिसतं, आणि मोठी लेखनं लटकतात. तुकडे न करण्याच्या अटीवर ८९७२ बाइटचा पिंग प्रत्येक जोडीमध्ये, दोन्ही दिशांनी पाठवून पाहा.

आता ईआरपीचा डेटाबेस. सेफची ताकद एकत्रित कामात आहे, शंभर जण एकाच वेळी लिहीत असतील तर ते छान पेलतं. डेटाबेसची ट्रॅन्झॅक्शन लॉग मात्र एकामागून एक लिहिली जाते, आणि एक नोंद पक्की झाल्याशिवाय पुढची हलत नाही. नेटवर्क पार करून तीन डिस्कवर जाऊन परत यायला चांगल्या सामग्रीवरही एक मिलिसेकंदाच्या आसपास वेळ धरा. म्हणजे एका धाग्याला सेकंदाला सुमारे हजार लेखनं. त्याच सर्व्हरमधली स्थानिक एनव्हीएमई हे काम कित्येक पटींनी लवकर करते. तुमच्या ईआरपीला हजार पुरतात का, हे अंदाजाने ठरवू नका. सध्याच्या एसक्यूएल सर्व्हरवर लॉगच्या लेखनाला सरासरी किती वेळ लागतो आणि राइटलॉगची (लॉग लिहून पक्की होण्याची) वाट पाहण्यात किती वेळ जातो, ते महिनाअखेरीच्या दिवशी नोंदवा. जुनी सॅन फिरत्या डिस्कची असेल तर सेफवर आल्यावर सुधारणाच दिसेल आणि विषय संपेल.

आकडे घट्ट निघाले तर मी डेटाबेसला सेफवर ठेवणार नाही. दोन नोडमध्ये दोन-दोन डिस्कचा वेगळा झेडएफएस मिरर (दोन्ही डिस्कवर तोच डेटा), प्रत्येकावर एक एसक्यूएल सर्व्हरचा व्हीएम, आणि त्यांच्यामध्ये डेटाबेसचंच सिंक्रोनस रेप्लिकेशन. एसक्यूएल सर्व्हर २०१६ पासून स्टँडर्ड आवृत्तीतही बेसिक अव्हेलेबिलिटी ग्रुप मिळतो, दोन प्रती आणि गटामागे एक डेटाबेस अशी मर्यादा आहे, पण बहुतेक ईआरपींना ती पुरते. दुसऱ्या व्हीएमच्या लायसन्सचे नियम मात्र आधी तपासा. झेडएफएसवर व्हीएमसाठी मिररच वापरा. रेडझेड (पूर्ण प्रतीऐवजी दुरुस्तीची माहिती ठेवणारी मांडणी) कागदावर जास्त जागा देतं, पण व्हीएमच्या लहान ब्लॉकमुळे पॅडिंगमध्ये (रिकाम्या भरावात) ती जागा जाते आणि वेगही मिळत नाही.

मांडणीचे बाकीचे आकडे भराभर सांगतो. नवी उभारणी प्रॉक्समॉक्स ९ वर, त्यासोबत सेफची स्क्विड आवृत्ती. प्रत्येक नोडवर एक मॉनिटर (क्लस्टरची स्थिती ठरवणारी सेफची सेवा), म्हणजे तीन. एक गेला तरी दोघांचं बहुमत राहतं. प्रत्येक ओएसडीला (एकेक डिस्क सांभाळणाऱ्या सेफच्या सेवेला) मूळ सेटिंगमध्ये ४ जीबी मेमरीचं लक्ष्य असतं, पण ती मर्यादा नव्हे, रिकव्हरीत ते वर जातं. चार ओएसडी, मॉनिटर, मॅनेजर आणि प्रॉक्समॉक्स मिळून नोडमागे ३२ जीबी बाजूला ठेवा. एक नोड गेल्यावर उरलेल्या दोघांवर सगळं बसायचं असल्याने व्हीएमना वाटायची एकूण मेमरी ४४८ जीबीच्या आत, ७६८ वर डोळा ठेवून नव्हे. एनव्हीएमईच्या प्रत्येक ओएसडीमागे किमान ४ कोअर मोकळे धरा. बायोसमध्ये वीज बचतीचा प्रोफाइल बंद करून परफॉर्मन्स निवडा. प्रोसेसर खोल झोपेतून उठायला लागणारा वेळ प्रत्येक छोट्या लेखनावर पडतो.

पूल (व्हीएमच्या डिस्क ठेवायचा सेफचा साठा) एकच करा आणि त्याला बल्क (मोठा होणार) अशी खूण लावा किंवा टार्गेट रेशो १ द्या. नाहीतर ऑटोस्केलर रिकामा पूल पाहून पीजी (डेटा डिस्कांवर वाटण्यासाठीचे गट) थोडे ठेवतो आणि तुम्ही डेटा भरत असताना मध्येच वाढवू लागतो. बारा ओएसडी, डिस्कमागे शंभराच्या आसपास पीजी आणि तीन प्रती धरल्या तर ४०० येतात. २५६ किंवा ५१२ दोन्ही चालतील. पीजी फार कमी राहिले तर डिस्क असमान भरतात आणि वरचा ६४ टक्क्यांचा हिशेब कोलमडतो, कारण सरासरी साठ असताना एखादी डिस्क पंच्याहत्तरवर असते.

रिकव्हरीचा वेग आवरायला इंटरनेटवरच्या जुन्या लेखांत मॅक्स बॅकफिल्सचे (एका वेळी डेटा हलवण्याची किती कामं चालवायची याचे) आकडे दिलेले असतात. सेफच्या क्विन्सी आवृत्तीपासून एमक्लॉक हा शेड्यूलर (कामांचा क्रम ठरवणारा भाग) आल्यामुळे ते बदलून काहीच होत नाही, असं वाटून लोक गोंधळतात. आता प्रोफाइल बदलायचा: दिवसा क्लायंटला प्राधान्य देणारा, रात्री रिकव्हरीला.

व्हीएमच्या बाजूने: कंट्रोलर व्हर्टआयओ (व्हीएमसाठीच्या वेगवान आभासी हार्डवेअरचा प्रकार) स्कझी सिंगल, आयओ थ्रेड चालू, डिस्कार्ड चालू, कॅश नन. डिस्कार्ड विसरलात तर विंडोजमध्ये पुसलेल्या फाइलींची जागा सेफला कधीच परत मिळत नाही आणि सहा महिन्यांनी क्लस्टर का भरला हे कोणाला कळत नाही. लिनक्समध्ये साप्ताहिक एफएसट्रिम (रिकामी झालेली जागा परत कळवणारं काम) चालू आहे का पाहा. अनसेफ नावाचा कॅश मोड चाचणीत विलक्षण वेगवान दिसतो, कारण तो पक्कं करण्याच्या विनंत्या सरळ गिळतो. त्याला हात लावू नका.

औद्योगिक वसाहतीतली वीज लक्षात घेऊन दोन गोष्टी. दोन यूपीएस असतील तर प्रत्येक सर्व्हरचा एक पॉवर सप्लाय एकावर, दुसरा दुसऱ्यावर. वीज लांबली तर आधी व्हीएम बंद, मग सेफला नो-आउट (डिस्क बाद धरू नको अशी खूण), मग नोड, असा क्रम यूपीएसच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवा. आणि सगळं बंद होऊन परत चालू होताना तिन्ही नोड एकमेकांना डीएनएसशिवाय (नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेशिवाय) ओळखू शकले पाहिजेत. तुमचा डोमेन कंट्रोलर याच क्लस्टरमध्ये आहे, तो उठायला सेफ लागतं, आणि सेफला नावं किंवा वेळ त्या डोमेन कंट्रोलरकडून हवी असेल तर कोणीच उठत नाही. नोडची नावं होस्ट्स फाइलमध्ये, आणि वेळ बाहेरच्या स्रोताकडून किंवा राउटरकडून, क्रोनी या घड्याळ जुळवणाऱ्या सेवेने. मॉनिटरांच्या घड्याळांत ०.०५ सेकंदाचा फरक पडला तरी सेफ इशारा देऊ लागतं.

उत्पादनाचा डेटा चढवण्याआधी आठवडाभर हा क्लस्टर मोडून पाहा. काही व्हीएमवर फायोचा सतत भार लावा आणि चालू असतानाच एका नोडची वीज खेचा. लेखनं किती सेकंद थांबली, व्हीएम दुसरीकडे किती वेळात उठले, लिहून ठेवा. मग एक डिस्क बाहेर ओढा आणि दहा मिनिटं थांबा. मूळ सेटिंगप्रमाणे ६०० सेकंदांनी सेफ ती डिस्क बाद धरून रिकव्हरी सुरू करतं, ते डोळ्यांनी पाहा. जाळीतली एक केबल काढा. कोरोसिंकचा स्विच बंद करा. डिस्क बदलण्याचं काम पुढे ज्याच्या अंगावर पडणार आहे, त्याच्याकडूनच ते एकदा करून घ्या. पुरवठादाराच्या माणसाने करून दाखवलेलं मोजू नका.

व्हीएम हलवण्याचं काम आता सोपं झालं आहे. २०२४ पासून प्रॉक्समॉक्समध्ये ईएसएक्सआयवरून (व्हीएमवेअरच्या सर्व्हर सॉफ्टवेअरवरून) थेट आयात करण्याची सोय आहे. विंडोज व्हीएममध्ये व्हर्टआयओ ड्रायव्हर आधीच टाका आणि व्हीएमवेअर टूल्स व्हीएमवेअरवर असतानाच काढा, नंतर ते काढणं त्रासाचं होतं. पहिल्यांदा डिस्क साटावर (नेहमीच्या साध्या जोडणीवर) ठेवून बूट करा, एक छोटी जादा डिस्क व्हर्टआयओवर जोडा म्हणजे ड्रायव्हर बसतो, मग मूळ डिस्क व्हर्टआयओवर न्या. हजेरी-गेटपाससारख्या कमी जोखमीच्या व्हीएमपासून सुरू करून ईआरपी सर्वात शेवटी, महिनाअखेर टाळून.

तीन प्रती म्हणजे बॅकअप नव्हे, हे स्वतंत्रपणे सांगायलाच हवं. रॅन्समवेअरने एन्क्रिप्ट केलेली फाइल सेफ तितक्याच निष्ठेने तीन ठिकाणी लिहील. चौथ्या, वेगळ्या मशीनवर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर उभारा, त्याचा लॉगिन डोमेनशी जोडू नका, आणि क्लस्टरला तिथे लिहिण्याची परवानगी द्या, पुसण्याची नको. तुमच्याकडे आधीपासून वीम हे बॅकअप सॉफ्टवेअर असेल तर २०२४ च्या १२.२ आवृत्तीपासून तेही प्रॉक्समॉक्स हाताळतं. दर महिन्याला एक व्हीएम परत उभा करून ईआरपीत लॉगिन होतं का पाहा.

जुनी सॅन लगेच भंगारात देऊ नका. स्थलांतर पूर्ण झाल्यावर पहिले दोन-तीन महिने ती जशीच्या तशी, बंद करून पण जोडलेली ठेवा, म्हणजे एखादी विसरलेली डिस्क किंवा जुनी नोंद शोधायला परत जाता येईल. त्यानंतर ती बॅकअपची दुसरी प्रत ठेवायला वापरू शकता. एकमेव बॅकअप मात्र वॉरंटी संपलेल्या सामग्रीवर ठेवू नका; बॅकअप सर्व्हरच्या डिस्कचा खर्च आजच्याच प्रस्तावात धरा, कारण क्लस्टर एकदा चालू झाल्यावर त्यासाठी वेगळी मंजुरी मिळवणं फार कठीण जातं.